उंदरांच्या वंशावळी आणि एका रोगाचा माग : डॉ. कमल रणदिवे

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणारे दिनकर दत्तात्रेय समर्थ यांनी आपल्या मुलीविषयी दोन गोष्टी मनाशी योजून ठेवल्या होत्या. तिने वैद्यकीचे शिक्षण घ्यावे आणि तिचा विवाह एखाद्या डॉक्टरशी व्हावा. मुलीने यांतले एकही केले नाही. ती वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकली आणि तिने विवाह केला तो एका गणितज्ञाशी. असे असूनही वैद्यकाच्या क्षेत्रात तिने जी कामगिरी केली, तिची नोंद घेतल्यावाचून भारतातील कर्करोग संशोधनाचा इतिहास लिहिता येत नाही. कमल समर्थ म्हणजेच विवाहानंतरच्या डॉ. कमल जयसिंग रणदिवे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४ व्या जन्मदिनी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले, तेव्हा आपल्याकडच्या कित्येकांनी हे नाव प्रथमच ऐकले. त्यांच्या निधनाला तोवर दोन दशके उलटली होती.

कमलताईंचा जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. आईचे नाव शांताबाई. शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने १८८४ साली उभ्या राहिलेल्या या शाळेने पुण्यातील मुलींच्या कित्येक पिढ्यांना घराबाहेरचे जग दाखवले. मुलीच्या शिक्षणाविषयी समर्थांच्या घरात दुमत नव्हते. प्रश्न असलाच तर तो कोणत्या शिक्षणाचा, एवढाच होता. फर्ग्युसनमधून विशेष प्राविण्यासह पदवी मिळवल्यावर त्या पुण्याच्या कृषी महाविद्यालयाकडे वळल्या. १३ मे १९३९ रोजी जयसिंग त्रिंबक रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि संसार मुंबईत सुरू झाला. पदव्युत्तर अभ्यासात पतीची त्यांना मोठी साथ मिळाली. १९४३ साली त्या एम.एस्सी. झाल्या.

या एम.एस्सी.चा विषय आज वाचताना गंमत वाटते. तो होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींचे पेशी-आनुवंशशास्त्र. सीताफळ, रामफळ, हिरवा चाफा ही सारी याच कुळातली. लक्ष्मणफळही त्यातलेच. लक्ष्मणफळाने कर्करोग समूळ बरा होतो असे सांगणारे संदेश गेली काही वर्षे आपल्या भ्रमणध्वनींवर फिरत असतात. माणसांवरील चाचण्यांत तसे काही सिद्ध झालेले नाही. ज्या विदुषीने या कुळाच्या गुणसूत्रांचा अभ्यास करून कारकिर्दीला आरंभ केला, तिने कर्करोगावरचे उत्तर मात्र फळात शोधले नाही. ती उंदरांकडे वळली. गुणसूत्रे मोजण्याची, पिढ्यांचा माग ठेवण्याची आणि एक गुण एका झाडातून दुसऱ्यात कसा उतरतो हे चिकाटीने पाहण्याची जी सवय तिला या अभ्यासाने लावली, ती पुढे आयुष्यभर कामी आली.

मुंबईत आल्यावर त्या परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करू लागल्या. हे रुग्णालय तेव्हा अगदी नवे होते. १९४१ च्या फेब्रुवारीत ते सुरू झाले होते. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. गोमंतक मराठा समाजात जन्मलेले, लंडनमध्ये विकृतिशास्त्रात एम.डी. झालेले खानोलकर म्हणजे भारतीय विकृतिशास्त्राचे जनकच म्हणावे लागतील. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकही झाले. गोव्यात त्यांचे नाव जितके घेतले जायला हवे तितके घेतले जात नाही, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही. कर्करोग हा सर्वत्र एकसारखा रोग नसून तो माणसांच्या खाण्यापिण्याशी, सवयींशी आणि समाजांच्या राहणीशी बांधलेला आहे, ही खानोलकरांची धारणा होती. भारतात अनेक जातिसमूह शेजारी शेजारी, पण आपापल्या चालीरीती सांभाळून राहतात. त्यामुळे हा देश म्हणजे निसर्गाने मांडून ठेवलेला प्रयोगच आहे, असे ते मानत. कमलताईंना गुरू मिळाले ते असे. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

खानोलकरांनी त्यांना तेथे थांबू दिले नाही. परदेशात जाऊन नवे तंत्र शिकून यावे असा त्यांचा आग्रह होता. संशोधनवृत्ती मिळाली आणि कमलताई अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. माणसाच्या शरीराबाहेर, काचेच्या नळीत जिवंत पेशी वाढवण्याच्या विद्येतले गाय हे नाव. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून घेतलेल्या आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत असलेल्या ‘हेला’ पेशी १९५१ साली याच प्रयोगशाळेत रुजल्या.

ऊतिसंवर्धन ही विद्या त्या काळी शास्त्राइतकीच हातखंड्याची होती. शरीरातून काढलेला ऊतीचा कण रक्तद्रवाच्या साकळलेल्या थरावर ठेवायचा, त्याला रक्तजलाचे आणि भ्रूणाच्या अर्काचे पोषण द्यायचे आणि नळ्या एका पिंपासारख्या चक्रात बसवून ते संथपणे फिरवत ठेवायचे. असे केले की पेशींना कधी पोषकद्रव मिळते, कधी हवा. हे फिरते चक्र हाच गाय यांचा नावाजलेला शोध. सारे काही निर्जंतुक राखावे लागे. बुरशीचा एक कण शिरला की आठवड्यांची मेहनत पाण्यात जाई. मुंबईच्या दमट हवेत असे काम करणे म्हणजे काय, याची कल्पना पावसाळ्यात घरातल्या चामड्याच्या वहाणांवर चढणारी बुरशी पाहणाऱ्या किनारपट्टीवरच्या माणसाला सहज करता येईल.

शिकलेले घेऊन त्या परत आल्या. हे वाक्य लिहायला सोपे आहे. चांगल्या प्रयोगशाळेची चटक लागलेला माणूस साधनांची वानवा असलेल्या देशात सहसा परतत नाही, हे तेव्हाही खरे होते. त्या परतल्या, आणि परदेशी गेलेल्या इतर भारतीय संशोधकांनीही परतावे यासाठी त्या पुढे सतत प्रयत्न करत राहिल्या. १९५२ साली खानोलकरांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि तेथे कमलताईंनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ऊतिसंवर्धनाची ती भारतातली पहिली प्रयोगशाळा मानली जाते.

त्यांच्या मुख्य कामाकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल, कारण त्या कामाची मुळे अमेरिकेतल्या बार हार्बर गावच्या जॅक्सन प्रयोगशाळेत आहेत. तेथे उंदरांच्या शुद्ध वंशावळी जोपासल्या जात. भावाबहिणींचा समागम सलग वीस किंवा अधिक पिढ्या घडवून आणला की अशी वंशावळ तयार होते, आणि तिच्यातील सारे उंदीर जवळजवळ एकाच साच्यातले असतात. काही वंशावळींत बहुतेक माद्यांना स्तनांचा कर्करोग होई, तर काहींत क्वचितच. या दोन वंशांचा संकर केला तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. पिल्लांना रोग होणे हे बाप कोणत्या वंशाचा यावर फारसे नव्हे, तर आई कोणत्या वंशाची यावर ठरत होते. केवळ जनुकांचा मामला असता तर असे झाले नसते. १९३६ साली जॉन बिटनर यांनी याचे कारण शोधले. रोगी वंशाची पिल्ले जन्मतःच उचलून निरोगी वंशाच्या आईच्या अंगावर पाजली, तर मोठेपणी त्यांतील रोगाचे प्रमाण घटते; निरोगी वंशाची पिल्ले रोगी वंशाच्या आईला पाजायला दिली तर ते वाढते. आईच्या दुधातून काहीतरी जात होते. ते काहीतरी म्हणजे एक विषाणू होता, हे पुढे सिद्ध झाले.

जगभरच्या संशोधकांना या शोधाने झपाटून टाकले, आणि कमलताई त्यांपैकीच एक. पण त्यांनी केवळ विषाणूचा पाठपुरावा केला नाही. रोगाला अनुकूल असा वंश, दुधातला विषाणू आणि अंडाशयातून स्रवणारी संप्रेरके या तीन धाग्यांचा पीळ कसा बसतो, हे त्यांनी पाहिले. कर्करोगाला बळी पडण्याची प्रवृत्ती, संप्रेरके आणि गाठीचे विषाणू यांचा परस्परसंबंध दाखवणाऱ्या जगातील आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. परळच्या प्राणिगृहात त्यांच्या हाताखाली उंदरांची एक स्वतंत्र वंशावळ सिद्ध झाली आणि संस्थेच्या आद्याक्षरांवरून तिला ‘आयसीआरसी’ हेच नाव पडले. या वंशाच्या माद्यांत स्तनांच्या गाठींचे प्रमाण मोठे असे. परदेशातून आणलेल्या उंदरांवर विसंबून न राहता आपल्या हवामानात, आपल्या हाती वाढलेल्या वंशावर काम करण्याची सोय त्यामुळे झाली. बायकांतला रोग आणि उंदरांतला रोग यांत साम्य कुठवर आहे आणि भेद कुठून सुरू होतो, हा त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा भाग होता. रक्ताचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग यांसाठीही त्यांनी प्राण्यांवरील प्रतिमाने तयार केली. त्यांचे शोधनिबंध दोनशेहून अधिक आहेत.

या साऱ्याचा प्रयोगशाळेबाहेरच्या बाईशी काय संबंध, असे कोणी विचारील. माझे लहानपण बडोद्यात, मकरपुऱ्यात गेले. खंडेराव महाराजांनी १८७० साली बांधलेला राजवाडा आणि पुढे झालेली औद्योगिक वसाहत यांच्या आधाराने तेथे मराठी कुटुंबांची बरीच वस्ती होती. आमच्या आळीतल्या एका काकूंना हा रोग झाला. रोगाचे नाव कोणी उच्चारत नसे. ‘गाठ’ एवढाच शब्द, आणि तोही आवाज उतरवून. काकूंनी ती गाठ वर्षभर कोणालाच दाखवली नव्हती. आजार उघड झाल्यावर मात्र आळीतल्या बायकांचे प्रश्न तीनच होते, आणि ते फिरून फिरून तेच. मुलींनाही होईल का? अंगावर पाजल्यामुळे झाले, की न पाजल्यामुळे? पाळी लवकर आली, मूल उशिरा झाले, याचा हा दोष का? मी मोठी झाल्यावर कमलताईंच्या कामाविषयी वाचले तेव्हा ध्यानात आले की परळच्या प्राणिगृहातही मुळात हेच तीन प्रश्न होते : वंश, दूध आणि संप्रेरके. आळीतल्या बायकांनी ते भीतीपोटी विचारले होते आणि या बाईंनी त्यांची मांडणी प्रयोगाच्या भाषेत केली होती, एवढाच काय तो फरक.

दुधाच्या प्रश्नाने तर मुंबईत एक मोठे प्रकरण घडवले. पारशी समाजातील स्त्रियांत स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आहे, हे टाटा रुग्णालयातील डॉक्टरांच्या लक्षात आले होते. समाज लहान, विवाह बहुतेक आपसांत. खानोलकरांच्या दृष्टीने पाहिले तर उंदरांच्या शुद्ध वंशाची आठवण व्हावी अशीच ही परिस्थिती. अमेरिकी आणि मुंबईच्या संशोधकांनी मिळून पारशी स्त्रियांच्या दुधाचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. मुंबईच्या बाजूने त्यांत डॉ. सत्यवती शिरसाट आणि शल्यविशारद डॉ. पेमास्टर होते. उंदरांच्या विषाणूशी मिळतेजुळते कण त्या दुधात दिसल्याचे १९७१ साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. खळबळ उडाली. बायकांनी मुलींना पाजू नये की काय, अशी चर्चा जगभर सुरू झाली.

ते कण म्हणजे माणसाच्या कर्करोगाचा विषाणू, हे मात्र पुढे टिकले नाही. मानवी दुधातून स्तनांचा कर्करोग मुलींकडे जातो याचा पुरावा मिळाला नाही, आणि उलट चित्र स्पष्ट होत गेले. ३० देशांतील अभ्यास एकत्र करून २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये जे विश्लेषण आले, त्यानुसार बाईने अंगावर पाजलेल्या दर बारा महिन्यांमागे तिचा स्वतःचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो, आणि दर बाळंतपणामागे आणखी ७ टक्क्यांनी. आळीतल्या बायकांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे असे मिळाले. पहिल्याचे उत्तर १९९० च्या दशकात सापडले. ‘बीआरसीए’ नावाच्या दोन जनुकांतले दोष पिढीतून पिढीत जातात. परंतु आनुवंशिक म्हणावेत असे रुग्ण दहात एखादाच. बाकीच्या नऊ घरांतल्या मुलींनी आपल्या आईच्या आजाराचे ओझे रक्तात असल्यासारखे वाहण्याचे कारण नाही.

मग उंदरांच्या दुधातल्या विषाणूवर खर्ची पडलेली वर्षे वाया गेली का? तसे म्हणता येणार नाही. हा विषाणू पेशीच्या गुणसूत्रात नेमका कुठे घुसतो याचा शोध घेताना १९८२ साली नुस्से आणि वार्मस या शास्त्रज्ञांना एक जनुक सापडले. पुढे ‘डब्ल्यूएनटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या कुटुंबातले ते पहिले. पेशीने वाढावे, थांबावे की जागा सोडावी याचे निरोप या कुटुंबाकडून जातात, आणि कर्करोगाच्या प्रसाराची चर्चा आज त्याच्याशिवाय होत नाही. ज्या दारावर थाप मारली ते उघडले नाही, पण शेजारचे उघडले. विज्ञानात असे वारंवार घडते.

कमलताईंच्या चरित्राचा उरलेला भाग मानसन्मानांचा आणि जबाबदाऱ्यांचा आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो तो इतकाच. १९६४ साली भारतीय वैद्यक परिषदेचे पहिले रौप्यमहोत्सवी संशोधन पारितोषिक त्यांना मिळाले. सुवर्णपदक आणि १५ हजार रुपये असे त्याचे स्वरूप होते. त्याच वर्षी वाटुमल प्रतिष्ठानचे सूक्ष्मजीवशास्त्रातील पारितोषिकही त्यांच्याकडे आले. ते कुष्ठरोगाशी निगडित संशोधनासाठी होते. कुष्ठरोग्यांच्या ऊतींतून परळच्या प्रयोगशाळेत १९५८ साली जोपासलेल्या जिवाणूंवर पुढे लस तयार करण्याचे प्रयत्न झाले. १९६६ ते १९७० या काळात त्या संस्थेच्या हंगामी संचालक होत्या. कर्कजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र यांचे नवे विभाग त्यांनी उभे केले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

पारितोषिकांपेक्षा १९७३ साल मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन झाली आणि कमलताई तिच्या संस्थापक सदस्यांपैकी होत्या. प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत थांबावे लागणारी स्त्री, तिचे मूल, तिचे घर, बढतीच्या वेळी मागे पडणारे तिचे नाव, या गोष्टी तेव्हा खासगी अडचणी समजल्या जात. त्या सामाईक प्रश्न म्हणून मांडणारी ही संघटना होती. वाशीला तिचे मुख्य कार्यालय आहे. बडोद्यासह अनेक शहरांत तिच्या शाखा निघाल्या.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९८९ च्या सुमारास त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात जात होत्या. सत्यनिकेतन या संस्थेच्या साह्याने आदिवासी मुलांच्या पोषणाची आकडेवारी गोळा करणे आणि गावातील महिला मंडळांना आरोग्याचे शिक्षण देणे हे काम त्यांनी अंगावर घेतले होते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजणाऱ्या बाई उतारवयात मुलांची वजने आणि उंच्या नोंदवत होत्या. विषय बदलला तरी पद्धत तीच : आधी नीट मोजायचे, मग बोलायचे.

त्यांच्या पश्चात परळची ती संस्था २००२ साली नवी मुंबईत खारघरला गेली आणि प्रगत कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण केंद्र असे तिचे नाव झाले. तेथे जे घडले त्याची हकीकत या चरित्राला जोडून सांगायला हवी, कारण संप्रेरकांचा कमलताईंनी धरलेला धागा तेथे एका वेगळ्याच ठिकाणी जाऊन पोहोचला. त्यांचे स्वतःचे काम रोगाच्या उगमाविषयीचे होते, प्रसाराविषयीचे नव्हे. पण बाईचा जीव घेतो तो प्रसार. गाठ स्तनातच राहिली तर तिच्याने प्राण जात नाहीत. ती तेथून सुटून हाडांत, फुप्फुसांत, यकृतात, मेंदूत गेली की जातात. १८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने या रोगाने मेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळून दाखवले होते की हा प्रवास वाऱ्यावर सोडलेला नसतो. बियाणे काही जमिनींतच रुजते. सुटणाऱ्या पेशीला रोखणारे काही शरीरात असते का, हा पुढचा प्रश्न. १९८८ साली अमेरिकेत पॅट्रिशिया स्टीग यांनी ‘एनएम-२३’ हे जनुक ओळखले. ते शाबूत असेपर्यंत गाठ वाढते, पण सहसा पसरत नाही. प्रसार दडपणारी अशी बरीच जनुके त्यानंतर सापडली. ‘एनडीआरजी-१’ हे त्यांपैकी एक.

दरम्यान परळला डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मनात एक साधा प्रश्न घोळत होता. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ हाताळली जाते, रक्तवाहिन्या उघड्या पडतात, तेव्हा काही पेशी निसटत असणार. मासिक चक्राच्या ज्या काळात शरीरात प्रोजेस्टेरॉन जास्त असते, त्या काळात शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया अधिक जगतात, असे काही जुन्या निरीक्षणांत दिसले होते. मग शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन सर्वांनाच दिले तर? सुमारे एक हजार स्त्रियांवर ही चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. सर्व रुग्ण एकत्र धरले तर फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. काखेतील ग्रंथींपर्यंत रोग पोहोचलेल्या स्त्रियांत मात्र तो ठळक दिसला. पाच वर्षांनंतर रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन घेतलेल्यांत ६५.३ टक्के होते, न घेतलेल्यांत ५४.७ टक्के.

हे का व्हावे, याचा शोध खारघरच्या प्रयोगशाळेने घेतला, तोही काचेत वाढवलेल्या पेशींवर, म्हणजे कमलताईंनी या देशात आणलेल्या त्याच विद्येच्या आधाराने. प्रोजेस्टेरॉन दिल्यावर पेशींत ‘एसजीके-१’ या विकराचे जनुक जोराने काम करू लागते. त्यातून ‘एपी-१’ नावाची कळ दाबली जाते आणि ती ‘एनडीआरजी-१’ला जागे करते. पेशीला पुढे सरकायला, शेजारच्या थरात घुसायला लावणारे जे निरोप असतात ते मंदावतात, आणि पेशी जागच्या जागी राहतात. २०१८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातली सर्वांत अनपेक्षित गोष्ट अशी की, ज्या पेशींवर प्रोजेस्टेरॉनचा नेहमीचा ग्राहक नसतो, त्यांच्यातही ही साखळी चालू झाली. कुलूपच नसलेल्या दारात किल्ली फिरावी तसा हा प्रकार.

यावरून कोणी प्रोजेस्टेरॉन म्हणजे या रोगावरचे औषध असा अर्थ काढू नये. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम संप्रेरक वर्षानुवर्षे घेणाऱ्या स्त्रियांत स्तनांचा कर्करोग वाढतो, हे अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत दिसले आणि ती चाचणी २००२ साली मुदतीआधीच थांबवावी लागली. वर्षानुवर्षे घेतलेली गोळी एक, आणि शस्त्रक्रियेपूर्वी एकदा दिलेले इंजेक्शन दुसरे. वेळ, मात्रा आणि पेशीची अवस्था बदलली की एकाच कुळातले संप्रेरक वेगळे वागते. परळच्या चाचणीत दिसलेला लाभ रुग्णांच्या एका गटापुरता होता. तो दुसऱ्या मोठ्या चाचणीत पुन्हा दिसल्याशिवाय हे इंजेक्शन सर्रास उपचार म्हणून देता येत नाही.